मला नळाखाली धरू नका

मी एक जुना स्पंज आहे. स्वयंपाकघरात भांडी घासतो तो नव्हे. तो माझा दूरचा नातेवाईक, आणि आमचे फारसे पटत नाही. मी माशांच्या टाकीतला स्पंज. माझ्या पोटातून एक नळी जाते. नळीतून हवेचे बुडबुडे सुटतात, त्यांच्यामागे टाकीतले पाणी माझ्या अंगातून ओढले जाते आणि माशाला मानवेल असे होऊन बाहेर पडते. एवढेच माझे काम. अकरा वर्षे करतो आहे. रंगाने मी काळपट तपकिरी आहे, हाताला बुळबुळीत लागतो, आणि पिळला तर चहासारखे पाणी गळते. मित्रांनो, नाक मुरडू नका. ज्यांनी नाक मुरडले त्यांच्यामुळेच तर ही हकिगत सांगायची वेळ आली.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव चिडका झाला आहे. सगळे डोळ्यांदेखत बिघडत असताना तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही, तर तुमचाही होईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. फोमची भली मोठी लादी होती, तिच्यातून मला गोल कापले, मधोमध भोक पाडून नळीत ओवले आणि पाकिटात कोंबले. पुढे अमेरिकेतल्या ड्युलुथ शहरातल्या एका दुकानात मी खिळ्याला टांगलेला होतो. शेजारी चमचमते दगड, पाणबुडे, खजिन्याच्या पेट्या. गिऱ्हाईक यायचे, त्यांच्यावर हात फिरवायचे, माझ्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही. दोन वर्षांनी एक उंच, जाडजूड बाई आल्या, थेट माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि दुकानदाराला म्हणाल्या, "तो करडा ठोकळा द्या. बाकीची खेळणी राहू देत."

त्या आर्डिसबाई. एकोणतीस वर्षे त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचे जेवण शिजवले होते. निवृत्त झाल्यावर टेकडीवरच्या एका घराच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. बोलणे सडेतोड. आमच्या भागात तसे कुणी बोलत नाही, म्हणून लोक त्यांना थोडे बिचकून असत.

पहिल्या दिवशी मला पाण्यात बुडवून त्या म्हणाल्या, "नवा आहेस तोवर तू बिनकामाचा. दीड महिना गप बस." मला राग आला होता. मी इतका स्वच्छ, इतका मऊ, आणि बिनकामाचा? पण खरे तेच होते. मासा पाण्यात जी घाण टाकतो तिचे विष बनते. त्याला अमोनिया म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण माशाचे कल्ले आणि पर जाळते. हे विष खाऊन टाकणारे अगदी बारीक जिवाणू असतात, आणि त्यांना राहायला घर लागते. ते घर मी. माझ्या भोकाभोकांतून ते हळूहळू वस्तीला आले. मी काळवंडलो, बुळबुळीत झालो, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आले की टाकीतले पाणी आता माझ्या जिवावर चालले आहे. मित्रांनो, तेव्हा मला जो अभिमान वाटला तो मी अजून विसरलेलो नाही.

महिन्यातून एकदा आर्डिसबाई टाकीतलेच थोडे पाणी बादलीत काढायच्या, मला त्यात दोनदा पिळायच्या आणि परत ठेवायच्या. नळाखाली कधी धरले नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि तो जंतू मारायलाच घातलेला असतो. त्याला माझी माणसे आणि परकी माणसे यांतला फरक कळत नाही.

चर्चच्या तळघरात मत्स्यपालकांचे एक मंडळ दर महिन्याला भरायचे. तिथे एकदा आर्डिसबाई मला बादलीतून घेऊन गेल्या. मंडळाचे अध्यक्ष मर्ल कोस्की, रेल्वेतून निवृत्त झालेले, खाली वाकून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अशी घाण तयार व्हायला वर्षं लागतात." माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी ती.

मग टाकीत बिशप आला. निळाजांभळा फायटर मासा, आणि शेपटी एवढी लांब की तो वळला तरी ती मागून सावकाश वळायची. चर्चमधल्या बिशपच्या झग्यासारखी, म्हणून हे नाव. मोठा तोऱ्यात राहायचा. पण संध्याकाळी आर्डिसबाई खुर्ची ओढून टाकीपुढे बसल्या की काचेपाशी येऊन थांबायचा, आणि त्या दिवसभराचे सगळे त्याला सांगायच्या. त्यांचे ऐकणारे घरात तेवढेच होते. मला त्यांनी धरले नसावे.

गेल्या मार्चमध्ये दारापुढच्या बर्फावरून आर्डिसबाई घसरल्या आणि त्यांचे कमरेचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. नंतर आठ आठवडे पुनर्वसन केंद्रात राहून पुन्हा चालायला शिकायचे ठरले. प्रश्न बिशपचा होता. तो त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, लव्हॉनबाईंकडे, प्रॉक्टर गावी गेला. सोबत मीही.

लव्हॉनबाई प्रेमळ होत्या, हे मी आज कबूल करतो. तेव्हा केले नसते. त्या इस्पितळाच्या धुलाईघराच्या प्रमुख होत्या. घाण म्हणजे रोग, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेले. घर असे की आर्डिसबाई म्हणायच्या, "तुझ्या घरात झुरळसुद्धा जोडे काढून येत असेल." मर्ल टाकी पोचवायला आले तेव्हा मला टाकीच्याच पाण्यात भिजवून पिशवीतून आणले होते. मला जागेवर बसवताना ते म्हणाले, "हा जसा आहे तसा बरा असतो, असं म्हणतात." म्हणतात! अहो, कोण म्हणतात? तुम्हीच ना? पण सरळ सांगणे मर्लच्या जिभेला जमत नव्हते. लव्हॉनबाईंनी माझ्याकडे पाहिले, हसल्या, आणि हात पुसले.

त्याच संध्याकाळी आर्डिसबाईंचा फोन आला. लव्हॉनबाई फोन टाकीशेजारी ठेवून मोठ्या आवाजात ऐकायच्या, त्यामुळे मला सगळे कळे.

"दिवसाला दोन दाणे घाल. आठवड्याला थोडं पाणी बदल, नव्या पाण्यात बाटलीतले थेंब टाकून. बाकी कशाला हात लावू नकोस."

"मला काय कळत नाही का गं?"

"कळतं. पण तुझे हात स्वस्थ बसत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "इथं रोज दोन वेळा चालवतात. जीव जातो. घरी कुणीतरी वाट बघतंय, म्हणून चालते मी. नीट सांभाळ त्याला."

लव्हॉनबाई म्हणाल्या, "डोळ्यात तेल घालून सांभाळीन." ते त्यांनी अक्षरशः पाळले, आणि तिथेच घात झाला.

तिसऱ्या दिवशी त्यांना टाकी उदास वाटू लागली. दुकानातून त्या एक छोटा किल्ला आणि प्लास्टिकची चार झाडे घेऊन आल्या. झाडांची पाने करवतीच्या दात्यांसारखी, किल्ल्याच्या खिडक्यांच्या कडा खरखरीत. बिशपला किल्ला फार आवडला. खिडकीतून आत, दारातून बाहेर, दिवसभर त्याचे हेच. तो जायचा, झगा मागून यायचा, आणि दर फेरीला कुठेतरी अडकायचा. आठवड्याभरात शेपटीला तीन उभ्या चिरा गेल्या. मी बुडबुडे सोडत बघत बसलो होतो. दुसरे काय करणार?

इथवर काहीच बिघडले नव्हते, मित्रांनो. माशाचा पर फाटला तर परत येतो. धारदार वस्तू काढायची, पाणी कोमट आणि चांगले ठेवायचे आणि थांबायचे. पण थांबणे ही लव्हॉनबाईंच्या मते आळशी माणसांची युक्ती होती. फाटलेली शेपटी पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांची नजर टाकीतल्या सर्वांत घाणेरड्या वस्तूवर गेली.

त्यांनी मला उचलले आणि स्वयंपाकघरात नेले. नळ सोडला, तोही कढत पाण्याचा. ब्रश घेतला. मला पिळले, घासले, उलटे करून पुन्हा पिळले. अकरा वर्षांची वस्ती तपकिरी ओघळांनी मोरीत वाहून गेली. शेवटी मी करडा झालो, दुकानात होतो तसा. लव्हॉनबाईंनी मला उजेडात धरले आणि समाधानाने म्हणाल्या, "बघ, कसा दिसतोस आता." मला ओरडायचे होते. एवढा राग मला आधी कधी आला नव्हता, आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. मी परत टाकीत बसलो. नळीतून बुडबुडे तसेच सुटत होते, पाणी माझ्यातून तसेच जात होते, आणि जसे आत येई तसेच बाहेर पडे. विषासकट.

चार दिवसांत बिशपच्या शेपटीच्या कडा काळ्या पडल्या आणि झडायला लागल्या. कल्ले लाल झाले. तो काचेपाशी येईनासा झाला.

संध्याकाळी फोन.

"बिशप कसा आहे?"

"बरा आहे गं. तुझी कंबर?"

"बरी आहे. यापेक्षा वाईट असू शकलं असतं."

रोज हेच. बरा आहे, बरी आहे. फोन ठेवला की लव्हॉनबाई टाकीपुढे उभ्या राहून ओठ चावायच्या. दुकानातून एक औषध आले, जखमेसाठी. दोन दिवसांनी दुसरे, बुरशीसाठी. मग तिसरे, ज्याच्यावर सगळ्याच रोगांची नावे होती. तिन्ही एकाच पाण्यात. पाणी निळे झाले, मग हिरवट. एखादा जिवाणू माझ्या आत कुठे चिकटून वाचला असेल, तर तोही गेला. दर आठवड्याला किल्ला आणि झाडे मात्र घासून लख्ख करून परत आत. चडफडून चडफडून माझा जीव मेटाकुटीला आला होता.

एकदा वाटले, सुटलो. लव्हॉनबाईंनी मर्लना फोन केला. पण मासा आजारी आहे असे म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांत आला नाहीत. लिंबाच्या वड्या केल्यात."

मर्ल आले. दारात जोडे काढून मोज्यांनी टाकीपुढे उभे राहिले. त्यांनी हिरवे पाणी पाहिले. बिशपची अर्धी उरलेली शेपटी पाहिली. मला पाहिले, आणि त्यांच्या भुवया टोपीच्या आत गेल्या. मला वाटले, आता बोलणार. मंडळाचा अध्यक्ष आहे, चाळीस वर्षे मासे पाळले आहेत.

"हं," मर्ल म्हणाले. "हे काहीतरी वेगळंच आहे."

आमच्या भागातले लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत. कुणाचा पदार्थ घशाखाली उतरत नसला तर म्हणतात, वेगळाच आहे. नव्या सुनेचे केस आवडले नाहीत तर म्हणतात, वेगळेच आहेत. लव्हॉनबाईंना ते अर्थातच समजले. काहीतरी चुकले आहे एवढे त्यांना कळले, पण काय, ते विचारणे म्हणजे आपली चूक चारचौघांत मांडणे. त्यांनी विचारले नाही. मर्लनी सांगितले नाही. दोघांनी बसून वड्या खाल्ल्या आणि सरोवरावरचा बर्फ यंदा कधी फुटेल यावर बोलले. निघताना मर्ल दारात अर्धा तास उभे होते. शेवटी मूठ दारावर ठेवून ते हळूच म्हणाले, "थोडं पाणी बदलून बघितलं तर... म्हणजे तुमच्या मनात असेल तर."

ते गेल्यावर लव्हॉनबाई स्वतःशी पुटपुटल्या, "वड्यांत लिंबू जास्त झालं वाटतं."

आणि त्यांनी पाणी बदलले. थोडे नाही, सगळे. पाण्यात थेंब टाकले, ते आठवणीने टाकले, पण पाणी गार होते. बिशप त्या गारठ्यात एकदा थरथरला आणि तळाशी जाऊन आडवा झाला.

फायटर मासा अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. घेतला नाही तर गुदमरतो. बिशपला वर येणे जमेना. निम्म्यापर्यंत यायचा, उरलेली शेपटी पाणी कापायला पुरायची नाही, आणि परत खाली. लव्हॉनबाईंनी ते पाहिले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग त्या खुर्चीवर बसल्या. संध्याकाळची वाट न पाहता, भर दुपारी त्यांनी स्वतःहून फोन लावला.

"आर्डिस, मी तुझ्या माशाला मारतेय."

"सांग."

लव्हॉनबाईंनी सगळे सांगितले. रडत सांगितले. किल्ला, शेपटी, औषधे, वड्या, गार पाणी.

"आधी पाणी कमी कर," आर्डिसबाई म्हणाल्या. "चार बोटं ठेव. वर यायला त्याला लांब पडता कामा नये. आणि पाण्यातला हीटर चालू आहे ना? बरं. आता सांग, स्पंज कसा दिसतो?"

"स्वच्छ."

"किती स्वच्छ?"

"नव्यासारखा."

"अगं लव्हॉन." एवढेच म्हणाल्या, पण त्या दोन शब्दांत माझे सगळे दुःख आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेतली होती. "तो किल्ला आणला आहेस ना, तो बाहेर काढ. झाडाचं पान स्वतःच्या बोटावरून ओढून बघ."

लव्हॉनबाईंनी ओढले. "ओरखडा आला."

"त्याची शेपटी तुझ्या बोटापेक्षा नाजूक आहे. फेकून दे सगळं. औषधं बंद. उद्यापासून रोज पाव भाग पाणी बदलायचं, आतल्या पाण्याइतकंच कोमट करून. आणि मर्लला फोन लाव. त्याच्याकडून घाण माग."

"घाण कशी मागायची गं?"

"तोंडानं. सरळ. वड्या केल्यात म्हणून बोलावू नकोस. आणि मला एक सांग, तीन आठवडे बरा आहे, बरा आहे, हे काय चाललं होतं? खरं सांगितलं असतंस तर जीभ झिजली असती?"

"तुला काळजी नको म्हणून."

"काळजी माझी आहे. मी करीन ती. तू फक्त खरं सांगायचं."

लव्हॉनबाईंनी डोळे पुसले आणि मर्लना फोन लावला. "मर्ल, मला तुमच्या टाकीतली घाण हवी आहे. आजच्या आज." या वेळी फोन त्यांच्या कानाला होता, म्हणून मर्ल काय म्हणाले ते ऐकू आले नाही, पण वीस मिनिटांत ते दारात होते. जोडे काढायचेही विसरले. हातात झाकणाची बरणी, बरणीत त्यांच्या सर्वांत जुन्या स्पंजाचा अर्धा तुकडा. आपल्या स्पंजाचे दोन भाग करून त्यांनी एक आणला होता. तो त्यांनी माझ्या अंगावर धरून पिळला आणि मग माझ्या शेजारी टाकीत ठेवून दिला. त्या चकचकीत टाकीत तपकिरी ढग पसरला. लव्हॉनबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली होती. मला मात्र थंडीतून घरात आल्यासारखे वाटले.

"त्या दिवशी तुम्हाला दिसलं होतं ना हे?" लव्हॉनबाईंनी विचारले.

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मर्लनी खाली पाहिले. "तुम्ही इतकं मनापासून धुतलं होतं. म्हटलं, बरं दिसणार नाही."

"आणि मासा मेला असता तर?"

मर्लनी विचार केला. "तेही बरं दिसलं नसतं," ते म्हणाले.

बिशप मेला नाही. पण बरा झाला असेही लगेच म्हणता येईना. शेपटी वाढते ती नखाच्या वेगाने. बघणाऱ्याला वाटते, काहीच होत नाही. रोज सकाळी पाव भाग पाणी, हात बुडवून कोमट आहे ना ते बघून. दोन दाणे. मग बसून राहायचे. लव्हॉनबाईंचे हात असे शिवशिवायचे की त्यांनी शेगडी उघडून तिचा भाग न् भाग धुतला, पडदे दोनदा धुतले, टाकीची बाहेरची काच दिवसातून तीनदा पुसली. एकदा त्यांचा हात माझ्यापर्यंत आलाही होता. मी श्वास रोखला, म्हणजे मला श्वास असता तर रोखला असता. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला. त्या दिवशी मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा काहीतरी बरे वाटले. माझी वस्तीही तशीच सावकाश भरत होती. मर्ल एक दिवसाआड येऊन पाणी तपासायचे आणि आता काय ते सरळ सांगायचे. "आज अमोनिया जास्त आहे." "एक दाणा कमी करा." सांगताना कान लाल व्हायचे, पण सांगायचे.

दहाव्या दिवशी लव्हॉनबाई घाबऱ्याघुबऱ्या फोनवर. "आर्डिस, शेपटीच्या कडेला काहीतरी आलंय. पांढरट. बुरशी असेल. कपाटात अजून बाटली आहे."

"आरपार दिसतं का त्यातून?"

लव्हॉनबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "दिसतं."

"बाटली ठेव जागेवर. ती नवी शेपटी आहे. रंग मागाहून भरतो."

लव्हॉनबाई काचेपासून हलल्याच नाहीत. नाकाचा ठसा काचेवर उमटला, आणि त्यांनी तो पुसलाही नाही.

मेमध्ये एका रविवारी दुपारी आर्डिसबाई आल्या. वॉकरवर भार देत, एकेक पाऊल टाकत, मर्लच्या गाडीतून. वाळल्या होत्या. टाकीपुढे खुर्ची मांडली होतीच. त्या बसल्या आणि बिशप काचेपाशी आला. शेपटी बरीचशी भरली होती. डाव्या बाजूला एक खाच राहिली होती, आणि नवा भाग अजून फिका होता. आर्डिसबाईंनी काचेवर बोट ठेवले.

"बुधवारी मर्ल टाकी तुझ्या घरी पोचवतील," लव्हॉनबाई म्हणाल्या. आवाजात केवढा आनंद होता. आठ आठवड्यांचे ओझे उतरणार होते. "अख्खा मासा परत करतेय बघ. जवळजवळ अख्खा."

"बुधवारी नको."

"मग गुरुवारी."

"लव्हॉन, नकोच. मी घरी जात नाहीये." आर्डिसबाई बिशपकडेच बघत होत्या. "सतरा पायऱ्या आहेत. डॉक्टर म्हणाले, त्या आता जमायच्या नाहीत. आणि एकटीनं राहायचं नाही. जागा सोडायला लागेल. शहरात एक वृद्धाश्रम आहे, त्यांच्याकडे नाव घातलंय. तिथं टाकी चालत नाही."

"हे कधी कळलं तुला?"

"तू रडत फोन केलास ना, त्याच्या आदल्या दिवशी."

लव्हॉनबाई दुसरी खुर्ची ओढून बसल्या. "मला खरं सांगायचं म्हणून झापत होतीस. आणि स्वतः पाच आठवडे..."

"तू त्याच्यात एवढी गुंतली होतीस. म्हटलं, तो बरा होऊ दे आधी."

मित्रांनो, तुम्हाला एक कबुली देतो. मी रोज संध्याकाळी तो फोन ऐकत होतो. लव्हॉनबाईंवर चिडायचो, मर्लवर चिडायचो. यांना दिसत कसे नाही, हे बोलत कसे नाहीत, म्हणून तडफडायचो. आर्डिसबाई "बरी आहे" म्हणायच्या ते मीही ऐकले होते, आणि त्यापुढे मला काही ऐकू आले नव्हते. माझे सगळे लक्ष माशाच्या शेपटीकडे होते. एक बाई आपले घर सुटल्याची बातमी उराशी धरून पाच आठवडे बसली होती, आणि वर रोज आमच्या पाण्याची चौकशी करत होती.

लव्हॉनबाई म्हणाल्या, "माझ्याकडे राहशील का? खालची खोली रिकामी आहे. एकही पायरी नाही."

आमच्याकडची रीत मला ठाऊक होती. आता आर्डिसबाई म्हणणार, नको, तुला कशाला त्रास. लव्हॉनबाई म्हणणार, त्रास कसला. मग दोघी वड्या खाणार आणि हवेवर बोलणार, आणि महिन्याभराने आर्डिसबाई त्या वृद्धाश्रमात जाणार. माझे बुडबुडे चालू होते, बाकी खोलीत काही हलत नव्हते.

"हो," आर्डिसबाई म्हणाल्या. "मला तिथं जायची फार भीती वाटतेय."

लव्हॉनबाई उठल्या आणि त्यांनी बहिणीला धरले. दोघी रडल्या. मर्ल खिडकीतून बाहेर बघत राहिले.

आता आम्ही सगळे प्रॉक्टरलाच राहतो. मी पुन्हा तपकिरी झालो आहे, आणि दोघी बहिणींचे रोज खटके उडतात. मित्रांनो, तुमच्या घरात टाकी असेल तर माझ्या भाऊबंदांना नळाखाली धरू नका, टाकीतल्या पाण्यातच पिळा. माशाचा पर फाटला तर बाटल्या आणण्याआधी धारदार काय आहे ते शोधा, पाणी चांगले ठेवा आणि धीर धरा. कळत नसेल तर ज्याला कळते त्याला विचारा, आणि तुम्हाला कळत असेल तर बरे दिसो न दिसो, सांगा. आणि रोज फोन करणारे तुमचे एखादे माणूस "बरी आहे" म्हणाले, की लगेच दुसऱ्या विषयाकडे वळू नका. थोडे थांबा, आणि परत एकदा विचारा.